फुग्यातला माझा रुपया

वाचणाऱ्यानं आधी मला माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, सौंसरकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. अक्षर तर असं की आज लिहिलेलं उद्या मलाच लागेल की नाही, शंका आहे. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, आणि जे बोलायचं राहिलं ते कुठंतरी ठेवावं असं वाटतं, म्हणून कागदावर ठेवते. मी गेल्यावर कोणी पेटी उघडली तर चुका तेवढ्या सोडून वाचावं.

पांढुर्ण्याला बाजाराच्या मागच्या गल्लीत बाळंतपणाचा एक छोटा दवाखाना होता. तिथं मी आया होते. आया म्हणजे झाडायचं, पुसायचं, सुया आणि कात्र्या उकळायच्या, बाळंतिणीची लुगडी धुवायची, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना गप्प करायचं. हे शेवटचं काम मला कधीच जमलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की मीच गप्प होत असे. पण बाळ धरायला मी चांगली होते. डॉक्टरबाई सुटका करत, मी बाळ धरत असे.

डॉक्टरबाई नागपूरच्या, नव्या शिकून आलेल्या. दवाखाना भाड्याच्या घरात, टेबल बँकेच्या कर्जातलं. लाइट तर येई-जाई. बाळांना ऊब मिळावी म्हणून एका लाकडी खोक्यात मोठे बल्ब लावले होते. लाइट गेली की खोकं थंड पडे, आणि मी बाळ पोटाशी धरून बसे.

सगळ्यांना वाटतं, बाळ जन्मलं की रडतंच. बहुतेक रडतात. पण एखादं येतं ते नुसतं येतं. हात-पाय लोंबते, ओठ निळे. आईच्या पोटात त्याला श्वास घ्यायची गरज नव्हती, नाळेतून सगळं मिळत होतं. बाहेर आल्यावर पहिला श्वास त्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि काही बाळं जणू घ्यायचं विसरतात. तेवढ्या थोड्या वेळात कोणी आठवण करून दिली तर ती जगतात.

आमच्याकडे आठवण करून द्यायच्या खूप रीती होत्या. कोणी थाळी वाजवत, कोणी नाकाला कांदा लावत. सगळ्यांत मोठी रीत वार शेकायची. बाळामागून जी वार पडते, ती गरम पाण्यात नाहीतर निखाऱ्याजवळ धरायची आणि नाळ कापायची नाही. बाळाचा जीव अजून वारेतच आहे, शेक दिला की तो नाळेतून बाळात येतो, असं सगळे मानत. माझ्या सासूबाई तर पक्क्या मानत. त्यांना मी आत्याबाई म्हणे. त्या तिगावच्या दाई. तिगाव म्हणजे पांढुर्ण्याजवळचं रेल्वे ठेसन असलेलं गाव, आम्ही तिथंच राहत होतो. गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातची. सून शहरातल्या दवाखान्यात आया म्हणून जाते, हे त्यांना मनातून कधी आवडलं नाही. पगार मात्र आवडे.

एकदा संत्र्याच्या एका बागेतली मजूरबाई आली. तिचं बाळ असंच आलं, न रडता. डॉक्टरबाईंनी त्याच्या तोंडावर पातळ कापड ठेवून स्वतःच्या तोंडानं फुंकर दिली. पुष्कळ वेळ दिली. बाळ गेलं. त्या दिवशी बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मी चहा नेऊन दिला तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कॉलेजात आमच्याकडे रबराचा फुगा होता, पंचफुला. बाळाच्या तोंडावर वाटी लावायची आणि फुगा दाबायचा. मोजून श्वास जातो. इथं घ्यायचा तर बँकेचा हप्ता चुकवावा लागेल."

त्या महिन्यात माझी भिशी निघाली होती. आम्ही दहा-बारा बायका दर महिन्याला थोडे थोडे पैसे एकत्र करत होतो आणि चिठ्ठी निघेल तिला सगळे देत होतो. माझ्या भिशीतून सयपाकघरावर टिना, म्हणजे पत्रे, टाकायच्या होत्या, कारण पावसाळ्यात चुलीवर छत्री धरून भाकरी कराव्या लागत. मी रुमालात बांधलेले पैसे बाईंच्या टेबलावर ठेवले आणि झाडू घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

त्या मागून आल्या. "हे काय आहे?"

"भिशी."

"कोणाची?"

"माझी."

"मग इथं कशाला?"

"फुगा," मी म्हटलं.

बाईंनी रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले. मग म्हणाल्या, "घेते. पण उसने. महिन्या-महिन्यानं परत करीन, आणि तू नको म्हणायचं नाहीस." मी मान हलवली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं बोलणं होतं, आणि त्यात माझे शब्द चारही भरले नसतील.

घरी काय झालं ते वेगळंच. टिना आल्या नाहीत तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "टिना कोठी हायेत?"

"पैसे डॉक्टरबाईले देले."

"कायले?"

"फुग्याले."

"अवो बाप्पा! माह्या घरात पानी गळते न हे फुगा घेऊन राहिली! जत्रेले चालली का?" मग शेजारणींना ऐकू जाईल असं, "मी एवढ्या बायांची सुटका केली, माह्यापाशी कोनता फुगा होता? रबरात का जीव असते?"

माझा नवरा जिनिंगमध्ये कामाला. तो जेवता जेवता एवढंच म्हणाला, "देले तर देले. आता का मांगाले जाते?" पण त्यालाही ते लागलं होतं. त्या पावसाळ्यात घरात कोणी छत्री उघडली की सगळे माझ्याकडे बघत. माझे पैसे, माझी अक्कल आणि माझी घरातली जागा, सगळं त्या रबराच्या फुग्यात जाऊन बसलं होतं.

बाईंनी फुगा नागपूरहून आणला. काळ्या रबराचा, मोठ्या संत्र्याएवढा, जरा लांबोळका. पुढं नाक-तोंड झाकणारी वाटी. दाबला की हवा पुढं जाते, सोडला की आपोआप पुन्हा फुगतो. त्याला लाइट लागत नाही, ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट. तो एका स्टीलच्या डब्यात असे आणि डब्याला कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. फक्त बाईंनी आणि मी.

"मी आईकडे बघत असेन तेव्हा बाळाकडे कोण बघणार?" बाई म्हणाल्या. "तूच शिक."

शिकवताना त्या पुन्हा पुन्हा सांगत, "मुठीनं नाही. दोन बोटं आणि अंगठा. जोरात दाबलं तर आत फाटेल." पण किती हळू, ते हाताला कळेना. मी त्यांच्या तळहातावर वाटी धरून दाबत असे आणि त्या म्हणत, "जास्त." मग म्हणत, "आता काहीच नाही."

मग मला माझ्या माहेरचं आठवलं. लग्नाआधी मी सौंसरला संत्री निवडायच्या कामाला जात होते. फळ पिकलं की नाही हे दोन बोटांनी पाहायचं. जरा जास्त दाबलं की मुकादम बाई हातावर चापट मारायची. म्हणायची, "डाग अंदरून पडते, बाहेरून दिसत नाही. पेटी उघडली का नागपूरवाला मले शिव्या देते." मी डोळे मिटले आणि बाईंच्या हातावर संत्रं पारखलं. बाई म्हणाल्या, "हं. एवढंच."

घरी मी कापडाची गुंडाळी घेऊन सराव करत असे. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. आत्याबाई म्हणत, "काय वो, कनिक भिजवून राहिली का?"

पहिल्या बाळाला फुगा लावला आणि ते वाचलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते बाळ फार लहान, दिवस भरायच्या आधीचं. वाटी त्याच्या तोंडाला मोठी पडली, गालांच्या बाजूनं हवा फुसफुस निघून गेली. बाईंनी दोन्ही हातांनी वाटी दाबून धरली, मी फुगा दाबला, पण छाती उचललीच नाही. ते बाळ मला आजही आठवतं. नागपूरच्या पुढच्या फेरीत बाईंनी लहान वाटी आणली. त्या बाळानं आम्हाला लहान वाटी आणायला लावली, एवढंच मी मनाला सांगते. त्याच्या आईला हे सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही.

मग एक वाचलं. मग आणखी एक. सगळी नाही, पण वाचू लागली. आणि गावात बातमी गेली तशी वेगळीच माणसं येऊ लागली.

बोरगावचा एक म्हातारा सायकलवर थेट दवाखान्यात आला, घामानं ओला. "बाई, तो फुगा द्या ना वो घडीभर. म्हैस व्याली, वगार हलून नाही राहिली." बाई म्हणाल्या, "काका, तो माणसांचा आहे." म्हातारा म्हणाला, "वगार का माणूस नाही? दूध तर माणसंच पेतेत." बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. फुगा दिला नाही, पण वगारीचं नाक कसं साफ करायचं आणि गवतानं अंग कसं चोळायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा खरवस घेऊन आला.

आणि आज्या! ज्यांची नातवंडं जन्मताच छत फाटेल एवढी रडत होती, त्या आज्याही म्हणत, "आमच्या लेकरालेबी दोन फुगे देऊन द्या ना. पैसे लागले तर घ्या." बाई म्हणत, "जो रडतो त्याला नाही." तर आजी रुसून म्हणे, "त्या कोष्ट्याच्या पोराले देला, आमालेच नाही." फुगा हा मानपान झाला होता.

आत्याबाई हे सगळं ऐकत होत्या.

मग माझी नणंद कुंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. आत्याबाई म्हणाल्या, "माहीच पोरगी न माह्या हातून नाही? लोकं काय म्हनतीन मले?" त्यांचं खरं होतं. दाईनं आपल्याच लेकीला दुसऱ्याच्या हाती दिलं, तर उद्या तिला कोण बोलावणार? मी कामावर जात राहिले.

एका सकाळी मी दवाखान्याच्या आवारात कपडे वाळत घालत होते, तर आमची बैलगाडी आत शिरली. घरी कुंता अडली होती; माझा नवरा हाकत होता आणि आत्याबाई मागं तिला धरून बसल्या होत्या. कुंता ओरडत होती. गाडी थांबते न थांबते तोच ती मोकळी झाली, तिथंच, गवताच्या गादीवर. बाळामागोमाग वारही आली आणि तिच्यामागून रक्त. बाई धावत आल्या, कुंताला पाहिलं आणि माझ्या नवऱ्याच्या मदतीनं उचलून आत नेलं. जाता जाता म्हणाल्या, "पंचफुला, बाळ तू बघ."

मुलगी होती. पांढरीफट, ओल्या कापडासारखी. आत्याबाईंनी तिला पदरात घेतलं होतं, वार घमेल्यात होती आणि मधे नाळ. मी दोरा आणि कात्री घेऊन आले, तर त्यांनी माझा हात धरला.

"कापू नोको! जीव वारेत हाय. पानी आन गरम."

"आत्याबाई, टेबलावर नेऊ द्या."

"कापलं न मेली तं? मी तुले सोडन का?"

आतून बाईंचा आवाज आला, "भांडू नका! कापू नकोस! आहे तिथंच फुगा लाव!"

मी व्हरांड्यातल्या बाकावर बाळ ठेवलं. आत्याबाईंनी घमेलं शेजारी ठेवलं आणि चुलीवरचं गरम पाणी त्यात ओतायला लागल्या. एकाच बाळाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी.

मी बाळ पुसलं, ओलं कापड फेकून कोरडं घातलं. मग चिकट ओढायची नळी घेतली. त्या नळीला मधे छोटी बाटली असते. एक टोक बाळाच्या घशात, दुसरं आपल्या तोंडात, आणि आपल्या श्वासानं घाण बाटलीत ओढायची. ती ओढली. पाठ चोळली. काही नाही. वाटी लावली, दाबलं. छाती उचलली नाही. पहिलं बाळ माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि बोटं ताठ झाली.

मग दिसलं की मान पुढं वाकली आहे. बाई सांगत, मान सरळ, ना छातीवर ना मागं लोंबलेली. मी खांद्याखाली कापडाची घडी सरकवली. वाटी पुन्हा बसवली. दोन बोटं आणि अंगठा. छाती उचलली. एवढीशी, पण उचलली.

दाब, सोड, सोड.

"नाळ पाहा," मी म्हटलं. आत्याबाईंना मी कधी काही सांगितलं नव्हतं. "बेंबीपाशी धरा. ठोका लागते का?"

त्यांनी दोन बोटं लावली. "लागते. धीमा हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता जल्दी जल्दी लागून राहिला वो." त्यांचं पाणी ओतणं थांबलं होतं. त्या नाळ धरून मला ठोका सांगत होत्या आणि मी दाबत होते.

आधी ओठ गुलाबी झाले. मग तिनं उचकी दिल्यासारखं केलं. मग मांजरीच्या पिलासारखा आवाज. आणि मग ती रडली. अशी रडली की रस्त्यावरची माणसं आवारात डोकावली.

आत्याबाई घमेल्यापाशी बसल्या. पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "काप आता."

मी कापली. आतून बाईंनी विचारलं, "कोण रडतंय?" आणि कुंता म्हणाली, "माही." तिचं रक्त तोवर थांबलं होतं.

दुपारी आवारात आत्याबाई सगळ्यांना सांगत होत्या, "गरम पान्यानं आली वो. वारेतून जीव सरसर सरसर आला. मी हातानं पाहिला." मी बादल्या भरत होते. बाई खिडकीतून हळूच म्हणाल्या, "सांगू दे गं. पुढच्या वेळी लवकर तर आणतील." मला राग आला नव्हता. नाळेतला ठोका त्यांनी खरंच हातानं पाहिला होता.

सगळे गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "तो फुगा दाखव बरं."

बाईंना विचारून मी डबा उघडला. त्यांनी फुगा हातात घेतला आणि मुठीनं दाबला.

"असं नाही," मी म्हटलं. "संत्रं पाहतो ना, तसं."

त्यांनी दोन बोटांनी दाबला. वाटीतून हवा त्यांच्या गालावर आली. पुन्हा दाबला. मग म्हणाल्या, "खरं सांग. मी शेकून राहिली होती, तू हवा देऊन राहिली होती. कोनाच्यानं आली?"

"मले काय माहीत, आत्याबाई."

"खोटी," त्या म्हणाल्या. मग फुगा डब्यात ठेवून झाकण त्यांनीच लावलं. "टिना पुढल्या साली घेऊ."

त्यानंतर तिगावच्या अडलेल्या बायका त्या स्वतः गाडीत घालून आणू लागल्या, आणि लवकर आणू लागल्या. येताना घमेलंही आणत. बाई त्यांना कधी तोडून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्याबाई, तुमच्या हातची ऊब आम्हाला लागते. पण वार नको, कपडे शेकून द्या. बाळ गार पडता कामा नये." लाइट गेलेली असली आणि खोकं थंड असलं की आत्याबाईंचे गरम कपडे असत. माझा फुगा आणि त्यांचं घमेलं. ज्यांना दोन्ही मिळालं अशी कितीतरी पोरं आज तिगावात शेतावर जाताना दिसतात, आणि मला ओळखतही नाहीत. ते बरंच आहे. ओळखलं असतं तर मला बोलावं लागलं असतं.

बाई पगाराबरोबर दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या पाकिटात देत राहिल्या. शेवटच्या पाकिटाची वेळ आली तशी मला चुटपुट लागली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पैसे बाकी होते तोवर फुगा थोडा माझा होता. फिटले की तो दवाखान्याचा. आत्याबाईंनी कसं ओळखलं कोण जाणे. म्हणाल्या, "सारे घेऊ नोको. एक रुपया राहू दे तिच्यापाशी. बाकी हाय म्हटलं का फुगा आपलाबी हाय."

मी पाकिटातून एक रुपया काढून टेबलावर ठेवला.

"हिशोब चुकला का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"राहू द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तो रुपया फुग्याच्या डब्यात ठेवला. डबा पुसताना तो खणखणत असे. टिना त्या उन्हाळ्यात सयपाकघरावर चढल्या.

पुढं काही वर्षांनी दवाखाना स्वतःच्या जागेत गेला. ऑक्सिजनची टाकी आली, नवा फुगा आला, दोन मापांच्या वाट्यांसकट. जुन्याचं रबर चिकट झालं होतं, दाबला की परत फुगत नव्हता. बाईंनी तो कापडात गुंडाळला आणि डबा माझ्यासमोर उपडा केला.

"आता फुगाच राहिला नाही, पंचफुला. बाकी कशाची ठेवू?" आणि रुपया माझ्या हातावर ठेवला. "तुझे सगळे पैसे आले. आणि नव्या फुग्याला पहिला हात तुझाच."

मी मान हलवली.

घरी आले तर कुंताची मुलगी सुट्टीत आलेली होती. आता शाळेत जाणारी, सतत वटवट करणारी. बाईंनी रुपया परत दिल्याचं आत्याबाईंना सांगून मी तो तिला दिला. ती चौकातल्या बर्फाच्या गाडीकडे पळत सुटली आणि पळतच परत आली, हातात लाल गोळा. अंगणात उभी राहून धापा टाकायला लागली. मी हातातलं काम सोडून तिच्या धापा ऐकत राहिले.

आत्याबाईंना तेव्हा नीट दिसत नव्हतं. ओट्यावरून म्हणाल्या, "कोन वो? केवढा दम लागला तिले."

"कुंताची," मी म्हटलं.

"मामी," पोरगी म्हणाली, "रुपया पुरा झाला."

"होऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "फिटला."